प्रातिनिधिक दावा : जे कोर्टात येत नाहीत, त्यांच्या वतीने उभे राहताना

वादीपक्ष :

मी गेली १९ वर्षे पुण्यात वकिली करते आणि त्यातला बहुतेक काळ फ्लॅटधारक, ठेवीदार आणि ग्राहक यांच्या बाजूने उभी राहिले आहे. गेल्या महिन्यात वाघोलीच्या एका गृहसंकुलातील दहा-बारा रहिवासी शिवाजीनगर कोर्टाजवळच्या माझ्या कचेरीत आले. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून निम्मे दारातच उभे राहिले. जो प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा विचारला जातो, तोच त्यांनीही विचारला : "आम्ही १९६ जण आहोत. सगळ्यांची मिळून एकच केस टाकता येईल का, आणि टाकली तर खर्च वाटून घेता येईल का?" दोन्हींचे उत्तर होय असेच आहे. पण त्या होकाराबरोबर वकिलावर आणि पुढाकार घेणाऱ्या दोघा-चौघांवर जी जबाबदारी येते, तिची कल्पना बहुतेकांना नसते. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

आपल्याकडे क्लास ॲक्शन हा शब्द अलीकडचा असला, तरी ती सोय जुनी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १, नियम ८ आहे. एकाच प्रश्नात पुष्कळ लोकांचे हितसंबंध समान असतील, तर त्यांच्यापैकी एकाने किंवा काहींनी कोर्टाची परवानगी घेऊन सर्वांच्या वतीने दावा लावावा, अशी ती तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५(१)(क) मध्ये हेच तत्त्व ग्राहकांसाठी आले आहे, आणि १९८६ च्या जुन्या कायद्यात ते कलम १२(१)(क) मध्ये होते. कोर्टाच्या बोलीत आम्ही याला प्रातिनिधिक दावा म्हणतो. संयुक्त तक्रार वेगळी. संयुक्त तक्रारीत प्रत्येकाचे नाव, सही आणि मागणी असते आणि निकाल तेवढ्यांनाच लागू होतो. प्रातिनिधिक दाव्यात नावे तीन किंवा चार असतात, पण निकाल १९६ जणांना बांधतो. ज्याने वकीलपत्रावर सही केली नाही, ज्याने मला कधी पाहिले नाही, ज्याला कदाचित दावा चालू असल्याचेही ठाऊक नाही, त्यालाही तो बांधतो. एका माणसाच्या दाव्यापेक्षा हे काम वेगळे आहे ते यामुळे.

पहिली पायरी समान हितसंबंध दाखवण्याची. प्रत्येकाची करारनाम्याची तारीख, क्षेत्रफळ आणि रक्कम वेगळी असली तरी चालते. गाऱ्हाणे एक आणि मागितलेला दिलासा एक असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या १९९० च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. तिथे मंडळाने घरांच्या किमतीपोटी मागितलेल्या जादा रकमेचा प्रश्न होता, आणि प्रत्येकाला वेगळी मागणी-नोटीस आली म्हणून हित वेगळे ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. उलट, एकाला ताबा हवा आहे आणि दुसऱ्याला पैसे परत हवे आहेत, अशी स्थिती असेल तर दोघांना एका वर्गात बसवणे कठीण होते. म्हणून रहिवाशांच्या पहिल्या बैठकीत मी कायदा सांगत नाही. प्रत्येकाला नेमके काय हवे आहे, ते एका वाक्यात लिहून द्यायला सांगते. त्या चिठ्ठ्या वाचल्या की वर्ग एक आहे की तीन, हे त्याच संध्याकाळी समजते.

त्यानंतर कागद. हा भाग बाहेरून कंटाळवाणा दिसत असला, तरी माझ्या मते समूहाच्या दाव्याची खरी ताकद इथेच आहे. काही वर्षांपूर्वी एका संकुलाच्या क्लबहाऊसमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर आम्ही सलग तीन रविवार कागद लावत बसलो होतो. प्रत्येक फ्लॅटची एक फाइल होती, आणि तिच्यात करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मागणीपत्रे, पावत्या आणि बँकेचे उतारे होते. एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक त्यांच्या पावत्या पत्र्याच्या जुन्या तिकीट-पेटीत तारीखवार लावून घेऊन आले. खणाखणांतून एकेक पावती काढून ते माझ्यासमोर ठेवत होते, तेव्हा पार्किंगच्या रकमेची पावती बिल्डरच्या नावाची नसून दुसऱ्याच एका भागीदारी संस्थेच्या नावाची आहे, हे लक्षात आले. मग आम्ही बाकीच्या फाइली पुन्हा उघडल्या, आणि ६३ जणांकडे त्याच संस्थेची, त्याच हस्ताक्षरातली पावती निघाली. एकट्यादुकट्याने तक्रार केली असती तर ती लेखनिकाची चूक म्हणून सहज निघून गेली असती. ६३ पावत्या एका तक्त्यात खालोखाल लावल्यावर ती पद्धत ठरली, आणि समोरच्या वकिलांनाही तिचे उत्तर देणे भाग पडले.

परवानगीचा अर्ज मंजूर झाला की नोटीस येते. नियम ८ च्या पोटनियम २ प्रमाणे वर्गातील प्रत्येकाला दाव्याची सूचना दिली पाहिजे, ती वादीच्या खर्चाने दिली पाहिजे, आणि लोक फार असतील तर कोर्टाच्या आदेशाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देता येते. पोटनियम ३ प्रमाणे ती नोटीस वाचून कोणीही पुढे येऊन मलाही पक्षकार करा, असा अर्ज देऊ शकतो. ही नोटीस म्हणजे गैरहजर माणसाचा कोर्टात शिरण्याचा एकमेव दरवाजा आहे. हे मला पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या चुकीतून कळले. एका दाव्यात परवानगी तिन्ही इमारतींसाठी मिळाली होती आणि मी मसुदा करताना नोटिशीत दोनच इमारतींचे उल्लेख केले. तिसरी इमारत त्याच प्रकल्पातली असली, तरी तिचा गट नंबर निराळा होता, आणि जुन्या मसुद्यावरून नवा करताना तो राहून गेला. पाच महिन्यांनी त्या इमारतीतील एक निवृत्त शिक्षिका कोर्टात आल्या. आपल्याला काहीच कळवले नाही, असा लेखी अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून आणला होता. व्हरांड्यात त्यांनी मला विचारले, "मग इतके दिवस माझ्या वतीने बोलत कोण होते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. कोर्टाने नव्याने नोटीस देण्याचा आदेश केला, त्यात सात महिने गेले, आणि जाहिरातीचा खर्च मी पक्षकारांकडून घेतला नाही. तेव्हापासून नोटिशीचा मसुदा मी प्रत्येक इमारतीतील एकेका माणसाकडून वाचून घेते आणि वर्तमानपत्रातल्या नोटिशीवर विसंबून न राहता तीच प्रत प्रत्येक जिन्याच्या सूचनाफलकावर लावायला लावते.

आता सर्वांत महत्त्वाचे : तडजोड. दावा रंगात आला की समोरून फोन सुरू होतात. फोन वकिलाला येत नाही, पुढाकार घेणाऱ्याला येतो. "तुमचे काम आम्ही करून देतो, व्याजही देतो, फक्त केसमधून बाजूला व्हा," असा त्यातला मजकूर असतो. ज्याचा गृहकर्जाचा हप्ता आणि घरभाडे दोन्ही एकाच पगारातून जाते, त्याला हा फोन मोहात पाडतो, आणि त्यासाठी मी त्याला दोष देणार नाही. परंतु कायदा इथे ठाम आहे. पोटनियम ४ प्रमाणे प्रातिनिधिक दावा सोडून देणे, मागे घेणे किंवा त्यात तडजोड करणे हे वर्गातील सर्वांना नोटीस दिल्याशिवाय करता येत नाही. ऑर्डर २३, नियम ३-ब प्रमाणे कोर्टाच्या परवानगीवाचून केलेली तडजोड निरर्थक ठरते. पुढारी वादी नेटाने दावा चालवत नसेल, तर पोटनियम ५ प्रमाणे कोर्ट त्याच्या जागी वर्गातील दुसरा माणूस आणू शकते. या तिन्ही तरतुदी गैरहजर माणसासाठी आहेत.

त्यांचे मोल कळायचे असेल तर भोपाळ आठवावे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुगळती झाली. १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार केंद्र सरकारने एकट्याकडे घेतला. सरकारची मागणी ३.३ अब्ज डॉलरची होती, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची माणसे गेली होती, ज्यांचे डोळे आणि फुप्फुसे गेली होती, त्यांना त्याआधी कोणी विचारले नव्हते. डिसेंबर १९८९ च्या चरणलाल साहू निकालात न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण तडजोडीपूर्वी पीडितांचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे होते, हेही मान्य केले. पुनर्विलोकनाच्या १९९१ च्या आदेशात रक्कम तीच राहिली आणि फौजदारी खटल्यांतून दिलेली सूट मात्र रद्द झाली. त्या निकालाची झेरॉक्स मी कनिष्ठ वकिलांना पहिल्याच आठवड्यात वाचायला देते.

फीविषयी इथेच लिहिते, कारण तो प्रश्न कोणी विचारायला संकोचतो. "जिंकलात तर दहा टक्के घ्या" असे लोक प्रेमाने म्हणतात. ते मला घेता येत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम २० प्रमाणे दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचे कबूल करणे वकिलाला मना आहे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा करार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले होते. म्हणून मी एकूण रक्कम आधी सांगते, ती फ्लॅटच्या संख्येने भागते, टप्पे ठरवते आणि प्रत्येक टप्प्याची पावती समितीच्या नावाने देते. समितीने वेगळे बँक खाते उघडावे आणि त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात, हा माझा आग्रह असतो. पैशांच्या हिशेबावरून समूह फुटतो, आणि समूह फुटला की दाव्यात जीव राहत नाही.

अनघा_वाघोली :

ताई, तुमच्या कचेरीत दारात उभ्या राहिलेल्यांपैकी मी एक आहे, म्हणून इथे विचारते. आमच्यातील काही जण म्हणतात की महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे जावे, काही जण ग्राहक आयोग म्हणतात, आणि अध्यक्षकाका म्हणतात की सोसायटी नोंदलेली आहे तर सोसायटीनेच तक्रार करावी, माणसांची नावे घालायचीच कशाला? आमच्याकडे ताबा २०२१ मध्ये मिळाला, पण भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यासाठी वापरायची अधिकृत परवानगी) अजून नाही. पाण्याचे टँकर रोज येतात आणि त्याचा खर्च देखभाल शुल्कात येतो.

वादीपक्ष :

अनघाताई, तुमच्या अध्यक्षकाकांचे म्हणणे तुमच्या प्रकरणात रास्त आहे. महाराष्ट्रातील नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत "व्यक्ती" आहे, म्हणजे ती स्वतःच्या नावाने तक्रार करू शकते. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२२ चा समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा निकाल तुमच्याच स्थितीचा आहे. त्या संस्थेच्या सभासदांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, भोगवटा प्रमाणपत्र मात्र मिळाले नाही, आणि त्यामुळे त्यांना मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. राष्ट्रीय आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याखाली भोगवटा प्रमाणपत्र मिळवून देणे हे प्रवर्तकाचे, म्हणजे बिल्डरचे, कर्तव्य आहे, ते न करणे ही रोज चालू राहणारी चूक आहे, आणि म्हणून २ वर्षांची मुदत संपली असे म्हणता येत नाही. तुमच्या टँकरच्या पावत्या आजपासून फाइलला लावायला सुरुवात करा. तारीख, टँकरची संख्या, रक्कम आणि चालकाची सही, एवढे प्रत्येक पावतीवर असू द्या.

महारेरा की आयोग, याविषयी : नोव्हेंबर २०२० च्या इम्पेरिया निकालाने हे स्पष्ट आहे की रेरा असला तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नये. सामायिक गोष्टी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरण (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणे) आणि पाणी, सोसायटीने मागाव्यात. ताबा उशिरा मिळाल्याबद्दल प्रत्येकाच्या खिशातून गेलेल्या भाड्याची भरपाई ही माणसांची मागणी आहे, ती सोसायटीच्या तोंडी घालू नये.

विधी_तृतीय_वर्ष :

वकील मॅडम, मी इथल्याच एका विधी महाविद्यालयात शिकतो. ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या डिसेंबर २०२१ च्या निकालात ११३४ सदनिकांच्या प्रकल्पातील ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली होती. बाकीच्यांचे हित तेच आहे हे त्यांनी तक्रारीत मांडलेच नाही, म्हणून ती प्रातिनिधिक मानता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले, पण संयुक्त तक्रार म्हणून ती चालू दिली. मग इतकी नोटीस, परवानगी, जाहिरात करण्यापेक्षा जे येतील त्यांची संयुक्त तक्रार करणे अधिक सोपे नाही का? माझ्या मते प्रातिनिधिक तक्रारीचा मार्ग व्यवहारात फारसा उपयोगी उरलेला नाही.

वादीपक्ष :

तुम्ही निकाल नीट वाचला आहे आणि तुमचे म्हणणे अर्धे मला मान्य आहे. वीस-पंचवीस कुटुंबे असतील आणि सगळी येण्यास तयार असतील, तर मीही संयुक्त तक्रारच करते. शिवाय २०१६ च्या अंबरीश कुमार शुक्ला निकालानंतर प्रातिनिधिक तक्रारीत संपूर्ण वर्गाची एकत्रित किंमत धरली जाते. वाघोलीचे १९६ फ्लॅट सरासरी ४५ लाखांचे धरले तर रक्कम ८८ कोटींच्या वर जाते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी २ कोटींच्या वरची तक्रार राष्ट्रीय आयोगाकडे जाते, म्हणजे प्रकरण थेट दिल्लीला पोहोचते. तोच एकटा फ्लॅट ५० लाखांच्या आत असल्याने पुण्याच्या जिल्हा आयोगात चालला असता. तक्रारीचे शुल्क १० कोटींच्या वर कितीही असले तरी ७५०० रुपयेच आहे, तो प्रश्न नाही. प्रश्न दिल्लीच्या तारखांचा आणि तिथल्या वकिलाचा आहे.

पण दुसरा अर्धा भाग विचारात घ्या. संयुक्त तक्रारीत "जे येतील ते" कोण असतात? ज्यांना इंग्रजी वाचता येते, ज्यांना रविवारी सुट्टी असते, जे व्हॉट्सॲपच्या गटात आहेत. जो माणूस चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, ज्याने फ्लॅट विधवा आईच्या नावावर घेतला आहे आणि आई गावी आहे, जो आखातात नोकरीला आहे, तो येत नाही. मुदत संपून जाते आणि शेजारच्या दारावर भरपाईचा धनादेश येताना तो बघतो. त्याच्यासाठी हा मार्ग आहे, आणि म्हणून तो निरुपयोगी झाला असे मी म्हणणार नाही. तुम्ही ज्या निकालाचा उल्लेख केलात, त्याचा धडा असा घ्या की हित समान असल्याची विधाने तक्रारीत सविस्तर लिहावी लागतात. करारनाम्यांचा तुलनात्मक तक्ता, मंजूर नकाशे आणि एकूण सदनिकांची संख्या तक्रारीतच आली पाहिजे.

बचावाच्या_बाकावरून :

मीही याच कोर्टात वकिली करतो आणि बहुतेक वेळा विकसकांच्या बाजूने उभा असतो. वादीपक्ष यांच्याशी मी कोर्टात अनेकदा भांडलो आहे, पण इथे एका मुद्द्याला दुजोरा द्यायचा आहे. परवानगी नीट घेतलेला, नोटीस नीट दिलेला प्रातिनिधिक दावा प्रतिवादीलाही सोयीचा असतो. संहितेच्या कलम ११ च्या सहाव्या स्पष्टीकरणाप्रमाणे त्यातील निकाल संपूर्ण वर्गाला बांधतो, म्हणून माझ्या पक्षकाराला तोच प्रश्न पुढची दहा वर्षे निरनिराळ्या दारांत लढवावा लागत नाही. तडजोड करायची तर ती एकदाच आणि सर्वांशी होते. मी माझ्या पक्षकारांना नेहमी सांगतो की एकेकाला फोन करून फोडण्यात जो पैसा आणि वेळ जातो, तो सगळ्यांसमोर एक प्रस्ताव ठेवण्यात घालवा. सगळे ऐकतात असे नाही. आणखी एक. हित समान नसताना ते समान दाखवण्याचा प्रयत्न होतो, तेव्हा आम्ही हरकत घेतो, आणि ती हरकत केवळ वेळ काढण्यासाठी असते असे कृपया मानू नये.

वादीपक्ष :

वकीलसाहेब, आभार. तुमची शेवटची हरकत मागच्या एका प्रकरणात योग्य होती. आम्ही गुंतवणुकीसाठी सहा फ्लॅट घेतलेल्या एका गृहस्थांना वर्गात धरले होते. ते वगळल्यामुळे उरलेल्यांचा दावा बळकट झाला.

मुठाकाठ :

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याला मध्यंतरी टपालाने एक कार्ड आले, की तुम्ही अमुक एका दाव्यातील वर्गाचे सदस्य आहात, हा फॉर्म भरा. त्याने कोणावर दावा केलाच नव्हता. काही महिन्यांनी त्याला अकरा डॉलरचा धनादेश आला. हा काय प्रकार आहे? आणि आपल्याकडे असे का होत नाही?

वादीपक्ष :

काका, अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांतील २३ वा नियम १९६६ पासून आजच्या स्वरूपात आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यात वर्ग मंजूर झाला की त्यात बसणारा प्रत्येक जण आपोआप आत असतो, ज्याला नको असेल त्याने ठराविक मुदतीत बाहेर पडायचे. तुमच्या भाच्याला आलेले कार्ड म्हणजे तीच नोटीस. तिथले वकील वर्षानुवर्षे स्वतःच्या खर्चाने दावा चालवतात आणि शेवटी मिळालेल्या रकमेतून त्यांची फी न्यायाधीश ठरवतात. त्यामुळे अकरा डॉलरसाठी कोणीही एकटा लढला नसता, ते लाखो लोकांसाठी कोणी तरी लढते. वाईट बाजू अशी की कधीकधी वकिलाची फी मोठी आणि लोकांचे अकरा डॉलर असे चित्र होते.

आपल्याकडील माणसांना हा फरक सत्यम कंपनीच्या घोटाळ्याच्या वेळी कळला. ७ जानेवारी २००९ ला घोटाळा उघड झाला. अमेरिकेच्या बाजारात कंपनीचे रोखे घेतलेल्यांनी तिथे क्लास ॲक्शन केली, आणि २०११ मध्ये कंपनीने १२.५ कोटी डॉलर आणि लेखापरीक्षकांनी २.५५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्याच कंपनीचे समभाग मुंबईच्या बाजारात घेतलेला पुण्यातील निवृत्त माणूस त्यात नव्हता, आणि इथे त्याला समूहाने दाद मागण्याचा चालणारा मार्ग नव्हता. म्हणून कंपनी कायदा, २०१३ मध्ये कलम २४५ आले आणि ते जून २०१६ पासून लागू झाले. भागधारक किंवा ठेवीदार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे एकत्र जाऊ शकतात, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे १०० जण किंवा ५ टक्के यांपैकी जे कमी असेल तेवढे पुरेसे आहेत. बँकांना हे कलम लागू नाही.

निवृत्त_लेखनिक :

ताई, कलम २४५ आमच्या कामाचे आहे का? मी आणि माझ्या कॉलनीतील पंधरा-वीस जणांनी एका पतसंस्थेत ठेवी ठेवल्या होत्या. मुदत संपून तीन वर्षे झाली. पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली ती रक्कम होती. दर महिन्याला जातो, "पुढल्या महिन्यात या" असे उत्तर मिळते.

वादीपक्ष :

काका, पतसंस्था ही सहकार कायद्याखालची संस्था असल्याने कलम २४५ तुम्हाला लागू होणार नाही. तुमचा मार्ग महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण कायदा, १९९९ हा आहे, त्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. मुदत संपल्यावर ठेव फसवणुकीने परत न करणे हा त्यात गुन्हा आहे. तक्रार पोलिसांकडे द्यायची असते. शासन संस्थेची आणि पैसे वळवलेल्यांची मालमत्ता जप्त करून सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात देऊ शकते, आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने तिची विक्री होऊन रक्कम ठेवीदारांत प्रमाणात वाटली जाते. हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलेला आहे. यात ठेवीदारांच्या वकिलाचे काम युक्तिवादापेक्षा यादीचे असते. प्राधिकाऱ्याच्या यादीत तुमचे नाव, ठेवीची रक्कम आणि पावतीचा क्रमांक बरोबर आला आहे का, हे दर काही महिन्यांनी पाहावे लागते, कारण यादीत नाव नसलेल्याला वाटपात काही मिळत नाही. मूळ ठेवपावती कोणाच्याही हवाली करू नका, नूतनीकरण करून देतो असे सांगितले तरीही नाही. पंधरा-वीस जणांनी एकत्र या, एकाच अर्जासोबत सर्वांच्या पावत्यांच्या साक्षांकित प्रती जोडा आणि पोच घ्या. या कामाची फी मी घेणार नाही.

अनघा_वाघोली :

ताई, शेवटचा प्रश्न. समजा निकाल लागला आणि बिल्डरने पैसे दिलेच नाहीत, तर? आमच्या मावशींकडे आयोगाचा आदेश चार वर्षांपासून कपाटात पडून आहे.

वादीपक्ष :

आदेश कपाटात ठेवायचा नसतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ७१ प्रमाणे तो दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. दरखास्त (बजावणीचा अर्ज) दाखल करायची, मालमत्तेची यादी द्यायची, जप्ती मागायची. कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला १ महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत कैद, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. माझा अनुभव असा आहे की कलम ७२ खाली वॉरंट निघाले की बहुतेक वेळा पुढच्या तारखेला धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) येतो. समूहाच्या दाव्यात मात्र इथे पुन्हा काळजी घ्यावी लागते. दरखास्त सर्वांच्या वतीने झाली पाहिजे, आणि आलेली रक्कम फ्लॅटवार तक्त्याप्रमाणे वाटून प्रत्येकाची सही घेतली पाहिजे. जे सापडत नाहीत त्यांची रक्कम आयोगात जमा राहू द्यावी. एका प्रकरणात अशा ९ जणांना शोधायला आम्हाला दीड वर्ष लागले. शेवटचा माणूस लातूरला सापडला. दावा त्याच्या वडिलांच्या फ्लॅटचा होता आणि वडील मधल्या काळात वारले होते. मावशींना आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन यायला सांगा, सोबत बजावणीची पोच असेल तर तीही.

तुमच्या संकुलाची बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ठेवू. तिन्ही इमारतींमधून माणसे आली पाहिजेत. जे भाडेकरू राहतात त्यांच्याकडून घरमालकांचे पत्ते आणि फोन नंबर बैठकीआधीच घेऊन ठेवा, म्हणजे नोटिशीच्या वेळी कोणी राहून जाणार नाही.